टोमणे मारणाऱ्यांना मैत्री द्यायची कशी?

(पत्र थोडक्यात. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

मी सरकारी रुग्णालयात अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे. सध्या स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, तिन्ही शिफ्ट. घर बौद्ध, त्यामुळे त्रिसरण-पंचशील लहानपणापासून पाठ, पण ध्यान कधी केलं नव्हतं. गेल्या वर्षी रजा काढून इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. परतले तेव्हा फार हलकं वाटत होतं. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं तिथे सांगितलं होतं. तीन आठवडे जमलं. मग नाईट लागली, मुलाची परीक्षा आली, आणि सुटलं ते सुटलंच. आता बसले की झोप तरी येते, नाहीतर वॉर्ड डोळ्यांपुढे येतो. त्यात आमच्या इन्चार्ज सिस्टर नव्या मुलींसमोर मला 'कोट्यातल्या' म्हणून टोमणे मारतात. मंगल मैत्रीच्या वेळी, म्हणजे ध्यानाच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंततात तेव्हा, मी मुद्दाम त्यांचाच चेहरा समोर आणते, 'तुमचं भलं होवो' म्हणते आणि आतून जळत असते. ढोंग केल्यासारखं वाटतं. मागच्या महिन्यात एका पेशंटच्या मुलावर मी सगळ्या वॉर्डसमोर ओरडले. घरी वडील म्हणतात, 'बाबासाहेबांनी लढायला शिकवलं, डोळे मिटून बसायला नाही.' माझ्यासारखीने हे सोडून द्यावं का?

ताई, सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर मध्येच पेन बदललंय. निळी शाई संपते तिथे तुम्ही लिहिलंय, 'थांबते, सात नंबरचं सलाईन संपत आलंय.' त्यापुढचं सगळं काळ्या शाईत आहे. त्या ओळीशी मी बराच वेळ थांबले. रात्रीच्या मंद उजेडात स्वतःचं दुःख कागदावर उतरवत असताना चार खाटांपलीकडची बाटली संपत आलीय हे तुमच्या लक्षात आलं. आणि त्याच पत्रात तुम्ही विचारताय की माझं लक्ष टिकत नाही, सोडून देऊ का.

लक्ष तुमचं चांगलं तयार आहे. अकरा वर्षांच्या नोकरीनं ते तयार केलंय. फक्त ते सगळं बाहेर वळलेलं आहे. कोणाचा ताप चढतोय, कोणाच्या सुईपाशी सूज आलीय, कोणता नातेवाईक आता भडकणार, हे तुम्हाला दिसतं. त्याच वेळी आपला जबडा आवळला गेलाय, सहा तासांत घोटभर पाणी प्यायलेलं नाही, हे दिसत नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे जागरूकतेवरच्या उपदेशात, बुद्धांनी 'अज्झत्तं' आणि 'बहिद्धा', म्हणजे आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाहायला सांगितलंय. त्यातलं अर्धं तुमच्याकडे आहेच. उरलेलं अर्धं यायला इगतपुरीएवढी शांतता लागते असं तुम्ही धरून चाललात, आणि मला वाटतं सगळी अडचण तिथून सुरू झाली.

शिबिरात पहाटे चारला घंटा होते, मोबाईल जमा असतो, ताट कोणीतरी वाढतं, नऊ दिवस कोणाशी बोलायचं नसतं. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. ती शिकायची जागा आहे. नर्सिंगला असताना तुम्ही इंजेक्शन आधी पुतळ्यावर शिकलात. पुतळा हात मागे घेत नाही, रडत नाही, म्हणून हाताला वळण लागतं. पुढे पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या दंडाला सुई लावताना हात थरथरला, तेव्हा आपल्याला इंजेक्शन येतच नाही असं तुम्ही ठरवलं नाहीत. मग ध्यानाच्या बाबतीत तसं का ठरवताय?

करणीयमेत्त सुत्त तुम्ही परित्राणपाठात, म्हणजे रक्षणासाठी म्हणायच्या सुत्तांच्या पठणात, कितीदा तरी ऐकलं असेल. त्यातली एक ओळ आज नव्यानं वाचा: 'तिट्ठं चरं निसिन्नो व, सयानो यावतास्स वितमिद्धो, एतं सतिं अधिट्ठेय्य.' उभं असताना, चालताना, बसलेलं असताना, आडवं पडलेलं असताना, झोपेची गुंगी नाही तोवर ही स्मृती धरून राहावी. मैत्रीचं सुत्त आहे आणि शब्द वापरलाय 'सति'. म्हणजे जागरूकता आणि मैत्री या दोन वेगळ्या साधना आहेत, एक सकाळी करायची आणि एक संध्याकाळी, असं त्यात कुठेच नाही. शिवाय क्रम बघा. उभं राहणं पहिलं, चालणं दुसरं, बसणं तिसरं. आठ तासांच्या ड्यूटीत तुम्ही उभ्या आणि चालत्याच असता.

आणि 'यावतास्स वितमिद्धो', म्हणजे 'गुंगी नाही तोवर', हे शब्दही तुमच्याच कामाचे आहेत. नाईट करून सकाळी नऊला घरी आल्यावर आसनावर बसून डुलक्या घेणं ही काही साधनेतली कमतरता नाही. त्या वेळी शरीर झोप मागतंय. ती द्या. सकाळचा तास आणि संध्याकाळचा तास हे ज्यांचा दिवस रोज एकाच वेळी उजाडतो त्यांना सोपं जातं. तुमचा दिवस ड्यूटीच्या तक्त्याप्रमाणे उजाडतो, म्हणून घड्याळाशी बांधून घेऊ नका, झोपेशी बांधा. ज्या झोपेतून उठाल, मग ती दुपारी तीनची का असेना, तोंड धुऊन पहिली वीस मिनिटं बसा. चहा त्यानंतर. साप्ताहिक सुट्टीला पूर्ण तास. तासाचं महत्त्व मी कमी करत नाहीये, बसण्यातून जी खोली येते ती दुसऱ्या कशातून येत नाही. पण चुकलेल्या तासाचं ओझं घेऊन तुम्ही महिनोन् महिने बसलाच नाहीत, त्यापेक्षा ही वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

आता वॉर्डातलं. साबणानं हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लावायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका ड्यूटीत किती वेळा धुता? त्यातली फक्त तीन वेळ निवडा. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेतल्यावर एकदा, मधल्या औषधांच्या आधी एकदा, निघताना एकदा. त्या वेळी पाण्याचा गारवा, बोटांच्या बेचक्यांतला फेस, तळपायांवरचा भार एवढंच जाणायचं. मन राऊंडकडे पळालं तर पळालं हे कळू द्या आणि परत पाण्यावर या. औषधाचा डोस काढताना मात्र श्वासबिस काही नको. तिथे लेबल, मात्रा आणि पेशंटचं नाव हेच ध्यान.

दुसरी जागा नाडीची. इथे मला थोडं माझं सांगावंसं वाटतं. माझी आई शेवटच्या आजारात रुग्णालयात होती तेव्हा रात्रपाळीच्या एक सिस्टर नाडी पाहायला यायच्या. मोजून झाल्यावर, आकडा लिहायला वळण्याआधी, त्यांचा हात आईच्या मनगटावर अजून एक श्वासभर राहायचा. बोलायच्या काही नाहीत. आईला ते कळायचं. दिवसा ती मला विचारायची, 'ती हात ठेवणारी आज आहे का?' त्या बाईंना मैत्रीभावना हा शब्द माहीत होता की नव्हता, मला ठाऊक नाही. पण मैत्री म्हटलं की आजही मला तो हात आठवतो. तुम्ही रोज माणसांच्या नाड्या मोजता, मिनिटभर छाती वरखाली होताना पाहून त्यांचे श्वास मोजता. आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, करणारे आपला श्वास पाहतात, तुम्हाला दुसऱ्याचा श्वास पाहायचा पगार मिळतो! मोजणी झाली, आकडा लिहिला, की पुढच्या खाटेकडे जाण्याआधी स्वतःचा एक श्वास पाहा आणि मनात म्हणा, 'हिला बरं वाटो.' एवढंच. सगळ्या वॉर्डला नको, एका राऊंडमध्ये दोघीतिघींना पुरे.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. तो प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर लागावा असं मला नेहमी वाटतं. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आणि आनंद विहारात फिरता फिरता तिथे आले. तुझं करायला कोणी नाही का, असं बुद्धांनी विचारलं. तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी करत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदानं पायांकडून, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. तुम्ही आणि मावशी रोज जसं उचलता तसंच. त्यानंतर भिक्खूंना बोलावून ते म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितलेत. औषध तयार करता येतं. काय मानवतं आणि काय मानवत नाही ते कळतं. मलमूत्र, ओकारी, थुंकी काढताना किळस करत नाही. धम्माचे चार शब्द सांगून आजाऱ्याला धीर देता येतो. आणि लाभासाठी न करता मैत्रीचित्तानं करतो. (पगार घेणं म्हणजे हा लाभ नव्हे, पैसे दिसले तरच हात पुढे येतो, ते इथे अभिप्रेत आहे.) पाचांपैकी किती तुमच्यात आधीच आहेत, ते स्वतःच मोजा. त्याच ठिकाणी ज्याची शुश्रूषा करणं अवघड जातं अशा आजाऱ्याचीही लक्षणं दिलीत: पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, काय होतंय ते खरं सांगत नाही, दुखणं जरासुद्धा सोसत नाही. मला याचा फार आधार वाटतो. मैत्री ठेवायची म्हणजे सगळी माणसं गोडच आहेत असं मानायचं, हा हट्ट त्या ग्रंथातही नाही.

यावरूनच इन्चार्ज सिस्टरांकडे येते. तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे आणि तुम्ही ते चार ओळींत आटोपलंय.

आधी साधनेतली एक चूक. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात मैत्री कोणापासून सुरू करायची याचा स्पष्ट क्रम दिलाय. पहिली स्वतःबद्दल. मग ज्यांच्याविषयी आदर आणि माया आहे अशी व्यक्ती. मग जिच्याबद्दल बरंही वाटत नाही आणि वाईटही नाही, अशी. वैरी सगळ्यांत शेवटी, आणि सुरुवात त्याच्यापासून करू नका अशी ताकीदच आहे. ताई, तुम्ही नेमकी शेवटच्या पायरीवरच पहिला पाय टाकत होतात. जळजळ होणारच. तिला ढोंग म्हणू नका. अपमान झाल्यावर मन दुखावलं आहे, ते दुखणं तुमच्या ध्यानात वर येत होतं आणि तुम्ही त्यावर मंगलाचे शब्द टाकून झाकत होतात.

पुढचे दोन-तीन महिने त्यांचा चेहरा समोर आणूच नका. स्वतःपासून सुरू करा, आणि तेही गुळगुळीत शब्दांत नको. 'आज मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. लागलं मला ते. मला बरं वाटो.' असं म्हणता म्हणता रडू आलं तर येऊ द्या. मग ज्यांचं नाव घेतलं की पोटात ऊब येते त्यांना आठवा, आजी असेल, तुमच्या पहिल्या वॉर्डातल्या सिस्टर असतील. मग गेटवरचा सिक्युरिटीवाला, केसपेपर काढणारा मुलगा. यातच बरेच दिवस जाऊ द्या.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला ठामपणे सांगायची आहे. मैत्री म्हणजे सोसत राहणं, हा अर्थ कुठून आला कोण जाणे, पण बायकांच्या आणि दलितांच्या माथी तो फार लवकर मारला जातो. टोमण्याचा बंदोबस्त ध्यानानं करायचा नसतो. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणासमोर, नेमके कोणते शब्द बोलल्या, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. शब्द जसेच्या तसे, त्यात आपला एकही मिसळू नका. मग तुमच्या संघटनेतल्या विश्वासू व्यक्तीशी बोला आणि लेखी अर्ज वरिष्ठांकडे द्या, पोच घ्या. चारचौघांत जातीवरून अपमान करण्याविरुद्ध १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तुमच्या बाबतीत तो कुठवर लागू होतो हे वकिलाला वही दाखवून विचारा. यातलं काहीही केल्यानं तुमची मैत्री उणी होत नाही.

उलट अर्ज लिहिताना तिचा उपयोग होतो. लिहिण्याआधी दहा मिनिटं बसा. हात गरम झालेत का, कानशिलं तापलीत का, पाहा. ते निवल्यावर लिहिलेल्या अर्जात शिव्याशाप नसतात, जुनी उणीदुणी नसतात, तीन तारखा आणि तीन वाक्यं असतात. असा अर्ज बाजूला सारणं वरिष्ठांना जड जातं. आणि पुढे कधीतरी, क्रमानं, त्या बाईंपर्यंत मैत्री पोचलीच, तर त्यांचं सगळं खरं होवो असं म्हणायचं नाही. 'त्यांच्या मनातली ही जातीची घाण निघून जावो, त्या यातून सुटोत,' एवढं म्हणता आलं तरी ती पूर्ण मैत्री आहे. यापेक्षा मोठं भलं त्यांचं तरी दुसरं काय असणार?

त्या मुलावर ओरडलात, त्याबद्दल थोडक्यात. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, आरशाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं की कृती करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावरही पाहा. आधी आणि मध्ये चुकलं तरी तिसरी संधी हातात असते. तो मुलगा अजून वॉर्डात येत असेल तर, 'त्या दिवशी माझा आवाज चढला, चढायला नको होता,' एवढं सांगून टाका. पुढच्या वेळी राग येण्याआधी शरीरात पहिल्यांदा काय होतं ते शोधून ठेवा. घसा कोरडा पडतो, की मुठी वळतात? ती खूण ओळखीची झाली की मधे एक श्वास शिरायला जागा होते.

ज्यांच्या हातात नाडी नाही, त्यांनाही हे आपापल्या जागी करता येईल. वर्गात हजेरी घेताना, एसटीत तिकीट फाडताना, घरात आजारी सासऱ्यांची कूस बदलताना. जे काम हात दिवसातून तीस-चाळीस वेळा करतात, त्यातलं एक निवडायचं आणि त्यातल्या तीनच खेपा जागेपणी करायच्या. सगळ्या करायला गेलात तर दोन दिवसांत सुटेल, हे अनुभवानं सांगते.

एक सावधगिरी. दिवसाही झोप लागत नसेल, कामावर जायच्या विचारानं छाती धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते साधना कमी पडल्यामुळे नाही आणि ती वाढवून जाणारही नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

राहता राहिले बाबा. त्यांच्याशी भांडू नका, कारण ते निम्मे बरोबर आहेत. अन्याय होत असताना डोळे मिटून बसणं हे बाबासाहेबांना चाललं नसतं. पण १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाचीही प्रतिज्ञा आहे आणि दहा पारमितांचीही (अंगी बाणवायचे दहा सद्गुण). सम्यक स्मृती त्या मार्गातच येते, मैत्री त्या पारमितांमध्येच येते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागरूकता असाच केलाय, आणि करुणेवर थांबू नका, मैत्री त्याहून पुढची आहे, असं सांगितलंय. करुणा माणसांपुरती आणि मैत्री सगळ्या जीवमात्रांसाठी. बाबांकडे हा ग्रंथ असेलच. ती पानं त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

आणि येत्या पौर्णिमेला घरी वंदना होईल तेव्हा करणीयमेत्त सुत्त त्यांनाच म्हणायला सांगा. 'तिट्ठं चरं'पाशी आले की थांबवून अर्थ विचारा. ते सांगतील तो अर्थ तुमच्या वहीत, टोमण्यांच्या तारखा लिहिता त्याच वहीत, पहिल्या पानावर उतरवून घ्या. आणि मग पुढची नाईट कशी गेली ते मला कळवा. निळ्या शाईत किंवा काळ्या, अर्धवट सोडलेलं पत्रही चालेल.